एकच डोळा खोल गेला तर

डोळे खोल गेलेले दिसले की घरात पहिला प्रश्न ठरलेला: नीट जेवतोस ना? दोन्ही डोळ्यांबाबत तो रास्तच असतो. आजारपण, वाढतं वय, एकदम घटलेलं वजन यांत डोळ्यांमागची चरबी कमी होते. जुलाब झालेल्या बाळाचे डोळे खोल जाणं ही शरीरातलं पाणी घटल्याची खूण. तिथे ओआरएस पाजायला क्षणाचाही उशीर नको. पण एकच डोळा आत गेला असेल, तर जेवणाची चौकशी करून भागत नाही. बहुतेकदा दुखणं त्या बाजूच्या खोबणीत असतं.

या खोबणीचा तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. 1957 मध्ये स्मिथ आणि रेगन यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या खेळाचा चेंडू ठेवून हातोडा मारला आणि तळच फुटतो हे दाखवलं. चिरलेल्या तळातून चरबी, कधी स्नायूही, खाली गालाच्या सायनसमध्ये उतरते आणि डोळा मागे सरतो.

ते लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. लेदर बॉल डोळ्यावर बसलेला मुलगा सूज उतरली की पुन्हा मैदानात जातो आणि काही आठवड्यांनी आईच्या लक्षात येतं की एक डोळा आत गेलाय. तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचता आली म्हणून अशी दुखापत किरकोळ ठरवणं चूक आहे. वर बघताना दोन-दोन दिसत असेल, गाल बधिर असेल, तर सीटी स्कॅन हवाच. तोवर नाक जोरात शिंकरू नये. लहान मुलांत तर डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, पण वर बघितलं की दुखतं, ओकारी येते, नाडी मंदावते. स्नायू हाडाच्या फटीत अडकल्याची ही लक्षणं. शस्त्रक्रिया तातडीने लागते.

मार न लागताही डोळा आत जातो. गालाच्या सायनसचं तोंड बंद झालं की आतली हवा शोषली जाते, दाब घटतो, भिंती आत ओढल्या जातात आणि वर असलेला खोबणीचा तळ खचतो. ना दुखणं, ना ताप. 1994 मध्ये या आजाराला ‘सायलेंट सायनस सिंड्रोम’ हे नाव मिळालं. नाक-कान-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून सायनसचं तोंड मोकळं करतात. पुष्कळांचा डोळा त्यानंतर बराच सावरतो.

शंका आली तर माणसाला मान मागे टाकायला सांगून हनुवटीखालून दोन्ही डोळे बघावेत. 2 मिलिमीटरचा फरकही जाणवतो. तपासणीला जाताना जुने फोटो न्यावेत, डॉक्टरच्या ‘कधीपासून?’ला त्याहून चांगलं उत्तर नाही. काचबिंदूचे काही थेंब एकाच डोळ्यात घातले तरी वरची पापणी खोल दिसते, म्हणून औषधाची बाटलीही सोबत असावी. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तेही आवर्जून सांगावं. तो क्वचित खोबणीत पसरतो आणि आतलं मांस आकसून डोळा मागे ओढला जातो.