सोनेरी अंड्यासाठी झुंज!

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण. जोडून सुट्टी, आणि सुट्टीत कॉलेजांचे फुटबॉल सामने! हा फुटबॉल आपला नव्हे बरं का. इथं चेंडू लांबट, आणि तो हातात धरून धूम ठोकायची!

शनिवारी मिशिगन आणि ओहायो स्टेट भिडतात. त्यांची पहिली गाठ पडली १८९७ मध्ये. दोघांच्याही स्टेडियममध्ये लाखावर माणसं मावतात! अलाबामा-ऑबर्नची लढतही तशीच. २०१३ मध्ये अगदी शेवटच्या सेकंदाला ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं प्रतिस्पर्ध्यांचा हुकलेला चेंडू झेलला, अख्खं मैदान पळत पार केलं आणि सामना जिंकून दिला.

पण खरी गंमत मिसिसिपी राज्यात. १९२६ मध्ये तिथल्या दोन कॉलेजांचा सामना संपला आणि विजयी संघाचे पाठीराखे गोलपोस्ट उखडायला धावले. मग काय, खुर्च्यांनी हाणामारी! शेवटी विद्यार्थ्यांनीच तोडगा काढला. १९२७ पासून विजेत्याला सोनेरी चेंडू मिळू लागला. तो दिसतो अंड्यासारखा, म्हणून पुढं सामन्याचं नाव पडलं 'एग बोल'. चुरस आजही तेवढीच, पण ओढाताण त्या अंड्यासाठी!

शेजारच्या शाळेशी तुमचीही खुन्नस असेलच. मग सांगा, तुम्ही चषक कसला ठेवाल?