मोबाईलातला भाव आणि हातातली पट्टी



सकाळची धार काढून होत नाही तोच खिशातला मोबाईल वाजू लागतो. लातूरचा सोयाबीनचा भाव, बार्शीचा तुरीचा भाव, प्लांटचा भाव, पावसाचा अंदाज, कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस आणि शेवटी एका टॉनिकची जाहिरात. पूर्वी पारावर एक पेपर यायचा, एकाने मोठ्याने वाचायचा आणि चौघांनी ऐकायचा. बाजारभाव आकाशवाणीवर लागायचा किंवा बाजारातून परतलेल्या गाडीवानाला विचारावा लागायचा. आता पेपरवाल्याच्या आधी बातमी येते आणि आडत्याच्या आधी भाव. या बदलाने शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडले, त्याचा हिशोब मांडायची वेळ आली आहे.

जमेची बाजू आधी सांगू. छापखान्याची किल्ली शेतकऱ्याच्या हाती कधीच नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’त छापून आली; पुढची छापायला संपादक धजावले नाहीत. सत्यशोधकांच्या पत्राची ही गत, मग शहरी पेपरांकडून काय अपेक्षा करायची? मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला, तो यासाठीच. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान भागत नाही, हे त्यांना कळले होते.

मोबाईलने ही किल्ली काही अंशी आपल्या हाती दिली. जून २०१७ चा शेतकरी संप आठवा. पुणतांब्याच्या ग्रामसभेत उठलेली हाक गावोगाव पोचली ती मुख्यतः व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरून. शहरातल्या पेपरांनी दखल घेतली ती नंतर. त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. गारपिटीने झोपलेल्या बागेचे चित्र तलाठी येण्याआधी जिल्हाभर फिरते, हेही थोडे नव्हे.

आता नावेची बाजू. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा मोबाईलवरून देशभर पसरली. सरकारने, डॉक्टरांनी, पशुवैद्यकांनी खुलासे केले. पण खुलासा पायी चालतो आणि अफवा घोड्यावर बसते. जिवंत कोंबडीचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली कोसळला. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात तर जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरण्याची पाळी आली. ज्यांनी तो मजकूर पुढे ढकलला त्यांत शेतकऱ्यांची पोरेही होतीच.

दुसरे उदाहरण आपल्याच शिवारातले. २०२१ च्या उन्हाळ्याअखेर सोयाबीन चढत गेले आणि क्विंटलला दहा हजारांच्या घरात पोचले. मोबाईलवर हार घातलेल्या पोत्यांचे, मुहूर्ताच्या सौद्यांचे फोटो फिरू लागले. अजून शेंगा भरायच्या होत्या, बाजारात तुरी म्हणावी तशी गत. पण घराघरांत दहा हजारांचे हिशोब मांडून झाले. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ही बातमी छापून आली होती. पण हाराच्या पोत्याइतकी ती फिरली नाही. सप्टेंबरात नवा माल येऊ लागला तसा भाव गडगडला. डिसेंबरात सरकारी यंत्रणेने सोयाबीनचा वायदे बाजारच बंद केला. म्हणजे मोबाईलने आम्हाला भाव दाखवला, भाव कोण पाडतो ते दाखवले नाही.

कारण साधे आहे. पेपरच्या संपादकाचे नाव पेपरावर छापलेले असते. चूक झाली तर त्याला जाब विचारता येतो. मोबाईलवर कोणता मजकूर कोणापुढे आणायचा ते कंपनीचे यंत्र ठरवते आणि ज्यावर लोक जास्त वेळ थांबतात तेच ते पुढे आणते. आयात धोरणाच्या परिपत्रकावर कोण थांबणार? रखवालदार गेलेला नाही, तो दिसेनासा झाला आहे.

तालुक्याच्या साप्ताहिकांची अवस्थाही ध्यानात घ्यावी. शुभेच्छांच्या आणि दुकानांच्या जाहिरातींवर ती जगत. त्या शुभेच्छा आता स्टेटसवर फुकट लागतात आणि जाहिरातीचा पैसा परदेशी कंपन्यांकडे वळला. या साप्ताहिकांशी आमचे भांडण कमी झाले नाही. पण बाजार समितीच्या कारभारावर चार ओळी लिहिणारा तालुक्यात उरला नाही, तर नुकसान आपलेच आहे.

विक्रीची तऱ्हाही पालटली. पूर्वी बियाणे कंपनीची जीप कर्णा लावून यायची, भिंती रंगवायची, दुकानात कॅलेंडर द्यायची. ती जाहिरात आहे हे शेंबड्या पोरालाही कळे. आता एखादा तरुण शेतकरी बांधावर उभा राहून सांगतो, ‘दादा, हे टॉनिक मारले आणि फुटवे बघा.’ तो शेजारी म्हणून बोलतो की पैसे घेऊन, ते कळत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने स्पष्ट सूचना काढल्या आहेत : पैसे वा वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे उघड सांगितलेच पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२१ पासून अशी टॉनिके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. तेव्हा बाटलीवरचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि दुकानदाराकडून पक्की पावती घ्यावी. व्हिडिओ दाखवून नुकसानभरपाई मिळत नाही.

आपला माल आपण मोबाईलवर विकू शकतो का? काही माल जरूर विकू शकतो. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी द्राक्षे, कलिंगडे थेट शहरातल्या सोसायट्यांत पोचवली. भूमचा खवा, उस्मानाबादी शेळी यांना नाव आहे. ओळखीचे गिऱ्हाईक जोडता येते. पण सोयाबीन हा ढिगाने विकायचा माल आहे. त्याचा भाव आमच्या व्हिडिओने ठरत नाही. तो तेलाच्या आयात शुल्काने हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून वीस टक्के केले, मे २०२५ मध्ये ते दहावर आणले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास माल गेला. ‘स्वतःचे मार्केटिंग करा’ असा उपदेश करणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

म्हणून बैठकीला येणाऱ्या प्रत्येक गावाला आमची विनंती आहे. गावाच्या ग्रुपवर नुसता कमाल भाव टाकू नका. तो बहुधा दोन-चार निवडक पोत्यांचा असतो. बाजाराचे नाव, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, मालाचा ओलावा, एवढे लिहा. आणि आपली पट्टी टाका : वजन किती, हमाली-तोलाई किती, हातात किती आले. शंभर गावांच्या शंभर पट्ट्या एकत्र आल्या, की बाजार समितीला आणि सरकारला विचारायचा प्रश्न आपोआप तयार होतो. ज्याचा उगम माहीत नाही तो मजकूर पुढे पाठवू नका. शिफारस करायचीच तर आधी पैसे घेतले की नाही ते सांगा.

मोबाईल हे अवजार आहे. औताला बैल आपला, कासरा आपल्या हाती, तरच नांगरट आपली. येताना पट्ट्या बरोबर आणा. हिशोब तिथेच करू.