लाल लघवीपासून मेंदूपर्यंत

व्यायल्यानंतर महिनाभरात म्हशीची लघवी लाल-काळी झाली की पशुवैद्याच्या मनात फॉस्फरस येतोच. बबेसियाची शंका फिटली की शिरेतून सोडियम ॲसिड फॉस्फेट जाते. यामागचे कारण कॉलेजात शिकलेले असते. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, तिचे सगळे एटीपी ग्लुकोजच्या विघटनातून येते. रक्तातले फॉस्फेट घटले की ते विघटन अडखळते, एटीपी आटते आणि पेशी फुटते.

मेंदूच्या पेशीचा संसार मात्र मायटोकॉन्ड्रियावर चालतो, आणि तिथे फॉस्फेटचे आणखी एक रूप समोर आले आहे: पॉलिफॉस्फेट. दहा-वीसपासून शेकडोपर्यंत फॉस्फेट एकाला एक जोडून झालेली सरळ साखळी. तिच्यातले बंध एटीपीतल्या बंधांच्याच जातीचे, ऊर्जेने भरलेले. ही साखळी बहुतेकांनी पाहिलेली असते, फक्त नाव ठाऊक नसते. अल्बर्ट स्टेन केलेल्या डिप्थेरियाच्या स्लाइडवर हिरव्या जिवाणूंच्या टोकांना जे निळे-काळे कण दिसतात, ते पॉलिफॉस्फेटचेच साठे. आर्थर कोर्नबर्ग आणि सिल्वी कोर्नबर्ग यांनी 1956 मध्ये ई. कोलायमध्ये ही साखळी बनवणारे एन्झाइम शोधले. तरीही पुढे कित्येक वर्षे तिच्याकडे उत्क्रांतीतले उरलेसुरले जीवाश्म म्हणूनच पाहिले गेले. डीएनएवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले आर्थर कोर्नबर्ग उतारवयात पुन्हा तिच्याकडेच वळले.

सस्तन प्राण्यांत ही साखळी कोण बनवते? 2020 मध्ये आंद्रे अब्रामोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एटीपी बनवणारे मायटोकॉन्ड्रियातले एन्झाइमच, म्हणजे एटीपी सिन्थेज, ती बनवू शकते आणि तोडूही शकते. त्याआधी 2007 मध्ये अब्रामोव्ह यांचाच सहभाग असलेल्या एका गटाने यीस्टमधले साखळी तोडणारे एन्झाइम पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात धाडले होते. साखळी तुटल्यावर ऊर्जेचे गणित तर बदललेच, शिवाय कॅल्शियमच्या भडिमारातही त्या पेशी सहजी मेल्या नाहीत. ऊर्जेच्या कामाला लागणारी साखळी कॅल्शियम वाढल्यावर पेशीच्या मरणालाही हातभार लावते, असा हा पेच आहे.

मेंदूच्या ऱ्हासात हाच पेच आणखी घट्ट होतो. मिशिगन विद्यापीठातल्या उर्सुला याकोब यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले की पॉलिफॉस्फेटमुळे अल्झायमर आणि पार्किन्सनशी जोडलेल्या प्रथिनांचे तंतू लवकर जुळतात, पण त्या प्रथिनांचा पेशींवरचा विषारी परिणाम कमी होतो. उलट 2022 मध्ये एएलएस या मोटर न्यूरॉनच्या आजाराच्या अभ्यासात दिसले की सदोष जनुक असलेल्या ॲस्ट्रोसाइट पेशी पॉलिफॉस्फेट बाहेर सोडतात आणि शेजारचे मोटर न्यूरॉन त्याने मरतात. त्या सदोष जनुकांपैकी एक एसओडी1. इथे श्वानांच्या डॉक्टरांनी कान टवकारावेत. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी या जातींत मागचे पाय हळूहळू लुळे पडणाऱ्या डीजनरेटिव्ह मायलोपॅथीशीही याच जनुकातला बदल जोडलेला आहे. शिवाय म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूत साचणाऱ्या बीटा-ॲमिलॉइडची अमिनो आम्लांची रचना माणसातल्यासारखीच असते.

अशा रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचा विषय निघाला की तंजावरचा मुलूख आठवतो. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना लागणाऱ्या ओरत्तनाडुला 2012 पासून तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. मराठी वाचकाला हे गाव तंजावरच्या सरफोजी राजांनी मुक्तांबाळ यांच्या नावाने बांधलेल्या छत्रामुळे ठाऊक असेल. रामेश्वरच्या यात्रेकरूंची सोय पाहणाऱ्या त्या काळच्या छत्रांत आजाऱ्यांसाठी वैद्यही असत. याच राजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महालात जपलेल्या आहेत. भातशेतीच्या या मुलुखातल्या पशुवैद्याकडे सकाळी अडलेली गाय आणि दुपारी पाय ओढणारा शेफर्ड, दोन्ही येऊ शकतात. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत तरी वेगळे काय चालते? पण नेत्ररुग्णांच्या त्या जुन्या नोंदींपुढे आपल्या म्हाताऱ्या जनावरांच्या केसपेपरवर वयापुढे फारसे काही लिहिलेले सापडत नाही, हे कबूल करायलाच हवे.

पॉलिफॉस्फेट मेंदूबाहेरही कामाला येते. हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेत रश्ना भंडारी यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की उंदरांत आयपी6के1 हे एन्झाइम नसले की प्लेटलेटमधले पॉलिफॉस्फेट घटते आणि रक्त गोठायला वेळ लागतो. एका ठिकाणी साखळीची पातळी हलवली की दुसरीकडे रक्तस्राव होऊ शकतो, एवढे त्यातून समजावे. म्हणून 'मायटोकॉन्ड्रिया टॉनिक' म्हणून कुणी फॉस्फेटची बाटली मेंदूसाठी विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. लाल लघवीत फॉस्फेट चालते म्हणून विसरभोळ्या कुत्र्यालाही ते चालेल, हा तर्क फसवा आहे. पॉलिफॉस्फेटवर बेतलेले, मेंदूच्या ऱ्हासावरचे एकही औषध आज बाजारात नाही.

दवाखान्यात करण्याजोगे काम साधे आहे. आठ वर्षांपुढच्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला चार प्रश्न विचारावेत: रात्री झोपतो का, घरातल्यांना ओळखतो का, कोपऱ्यात अडकतो का, शी-शूची सवय मोडली का. मागचे पाय ओढणाऱ्या कुत्र्याची जात, वय आणि चालण्याचा व्हिडिओ जपून ठेवावा. शक्य तिथे एसओडी1 चाचणीसाठी रक्त पाठवावे. अशा नोंदी या मासिकाकडे आल्या तर पुढच्या अंकापासून त्यांना जागा दिली जाईल.