घामाचा हिशेब कोणी ठेवायचा?

पावसाने जोर धरला की पेठ तालुक्यात दोन हंगाम एकदमच दाराशी येतात. एक भाताच्या आवणीचा आणि दुसरा शालेय क्रीडास्पर्धांचा. शेताला हात हवे असतात, शाळेला संघ हवा असतो, आणि पुष्कळदा दोन्हीकडे तीच मुले लागतात. रविवारी चिखलात वाकून आवणी करणारी मुलगी सोमवारी खो-खोच्या मैदानावर उतरते, मंगळवारी कबड्डीच्या संघात असते, आणि पहाटेचे धावणे तर रोजचेच. तिच्या चिकाटीचे कौतुक सर्वांना वाटते. तिच्या थकव्याची नोंद मात्र कोणाच्याही वहीत होत नाही.

या भागात खेळाविषयी उत्साह का आहे, हे सांगायला नको. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. डोंगरातल्या मुलीही जगाच्या धावपट्टीवर उभ्या राहू शकतात, हा विश्वास त्यातून आला. पण त्याबरोबर एक चुकीचा निष्कर्षही रूढ झाला. कष्टाची सवय असलेल्या मुलांवर कितीही भार टाकला तरी ती तो पेलतात, असे मानले जाऊ लागले. कविता राऊत यांनी नाशिकला विजेंद्रसिंग यांच्या मार्गदर्शनाखाली लांब पल्ल्याच्या धावण्याचा पद्धतशीर सराव केला, ही गोष्ट विसरली जाते. शिवाय यशस्वी झालेल्यांची नावे वर्तमानपत्रात येतात; नडगीच्या दुखण्याने किंवा निव्वळ कंटाळ्याने खेळ सोडून दिलेल्यांची मोजदाद कोणी करीत नाही.

व्यायामाने शरीर बळकट होते, हे अर्धेच सत्य आहे. व्यायामाने आधी झीज होते. ती भरून निघते झोपेत, आहारात आणि विश्रांतीत, आणि बळकटी येते ती त्यानंतर. झीज भरण्यापूर्वीच पुन्हा पुन्हा भार पडत राहिला, तर सराव वाढूनही वेळ मंदावते, झोप उडते, चिडचिड होते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद चालते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी थांबणे, हाही गंभीर इशारा असतो. ही अवस्था मुरली की सुधारायला आठवडे, प्रसंगी महिने लागतात. घटत्या फलाचा नियम शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. खताची मात्रा प्रमाणाबाहेर गेली की पीक जळते, हे तो जाणतो.

या भाराचे मोजमाप करण्याची एक सोपी रीत अमेरिकन क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. श्रम किती जड वाटले याला खेळाडूने शून्य ते दहापैकी गुण द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. उदाहरणादाखल, पहाटे ४५ मिनिटे धावणे, गुण ६, भार २७०. सायंकाळी तासभर खो-खो, गुण ७, भार ४२०. दिवसाची बेरीज ६९०. आता सुट्टीचा रविवार पाहा. सहा तास आवणी, गुण ५, भार १८००. म्हणजे शाळेच्या वेळापत्रकात जो विश्रांतीचा दिवस, तोच या मुलीचा सर्वांत जड दिवस ठरतो. घरच्या कामाची ही रीत मूळ योजनेत नसेल. परंतु मैदानावरचे श्रम आणि बांधावरचे श्रम असा भेद शरीर करीत नाही.

यावर कोणी विचारील, गरिबाच्या घरी कामाला सुट्टी कोण देणार? प्रश्न रास्त आहे. आवणी थांबणार नाही. म्हणूनच त्या आठवड्यांत सराव कमी झाला पाहिजे. शेतीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो, सरावाचे शिक्षक ठरवितात. मग बदल कोणत्या वेळापत्रकात शक्य आहे, हे उघड आहे. एखादी ढाल यामुळे हातची जाईल. ती किंमत मोजण्याची तयारी शाळेने ठेवावी.

याचा अर्थ मुलांनी एकच खेळ धरावा, असा नाही. लहान वयात अनेक खेळ खेळणे हितकारकच असते. खो-खोतील चपळता आणि धावण्यातील दम एकमेकांना पूरक ठरतात. अडचण येते ती प्रत्येक खेळाचा मार्गदर्शक आपापलाच तास मोजतो तेव्हा. चार-पाच चांगल्या खेळाडूंवर सगळे संघ उभे करणे शाळेला सोयीचे वाटते, आणि चारही जणांनी थोडेथोडेच मागितले असले तरी मुलाला चौपट द्यावे लागते. यासाठी दर मुलामागे एकच वही असावी. धावणे, खो-खो, कबड्डी आणि घरचे काम हे सारे तीत लिहिले जावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ सालीच सांगितले आहे की, मुलांना आठवड्यातून निदान एक दिवस संघटित खेळापासून पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षातून दोन-तीन महिने ठराविक खेळ बंद ठेवावा. पेठमध्ये हा सल्ला पाळायचा, तर सुट्टी शेतकाम धरून मोजली पाहिजे.

आहाराचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. अशा मुलीची दमछाक हा आळस समजून तिला आणखी दोन फेऱ्या धावायला लावणे म्हणजे रोगावर शिक्षेचा उपाय करणे होय. हंगामापूर्वी रक्ततपासणी आणि सरावानंतर शेंगदाणे, उसळ किंवा अंडे एवढी तरतूद झालीच पाहिजे. त्याविना जादा सराव घेण्याचा अधिकार शाळेला पोहोचत नाही.

हीच गोष्ट पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्या तरुणांची. दिवसा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत मजुरी, सायंकाळी कबड्डी आणि पहाटे धावणे, असा त्यांतील कित्येकांचा क्रम असतो. भरतीच्या तोंडावर पाय जायबंदी झाला, तर नोकरीची एक संधी जाते आणि वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही.

भर दुपारी औताचा बैल सोडून त्याला सावलीला बांधण्याची रीत या डोंगरात जुनी आहे. बैल थकला तर उद्याची नांगरट अडेल, एवढा सरळ व्यवहार त्यात असतो. तोच व्यवहार मुलांच्या बाबतीत पाळण्यास पैसा फारसा लागत नाही. एक वही, आणि तिच्यात वाचलेले मानण्याची तयारी असली की पुरते.