देवाच्या शेताला सातबाऱ्याची अट

माननीय विश्वस्त मंडळ,


देवस्थानचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गावाची शोभा चारचौघांत नको. नाशिक जिल्ह्यातल्या ज्या ज्या विश्वस्तांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटेल, त्यांनी ते तसंच घ्यावं.

चौदा महिन्यांत पाच अर्ज दिले. दोन टपालाने, तीन हातोहात. एकाचीही पोच नाही. शेवटच्या खेपेला तुमच्या कारकुनाने चहा पाजला, तो मात्र चांगला होता.

विषय तुम्हाला पाठ आहे. देवाची २३ एकर आणि ती कसायला द्यायच्या लिलावाची चौथी अट: ‘बोली लावणाऱ्याच्या नावे सातबारा असावा.’ म्हणजे ज्याला जमीन आहे त्यालाच जमीन मिळेल. बौद्धवाड्यातल्या ११ बायकांच्या बचत गटाने ४ एकर दहा वर्षांसाठी मागितली. फुकट नव्हे. गेल्या तीन वर्षांच्या बोलीची सरासरी एकरी २२ हजार निघते, तोच खंड त्या द्यायला तयार आहेत. वर्षाला ८८ हजार, दहा वर्षांत ८ लाख ८० हजार. ५० हजार अनामतही जमवून ठेवली आहे. देवाचा एक रुपया बुडत नाही. अडतो तो फक्त सातबारा, आणि तो त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर नव्हता, हे तुम्हाला अट लिहिताना ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू?

नऊ वर्षांची लिलाव वही मी पाहिली आहे. नऊ वर्षांत तीनच आडनावं. त्यातलं एक माझं. माझ्या चुलत्याने दोनदा बोली घेतली, टोमॅटो केला, पैसे केले. तेव्हा मी गप्प होतो, हेही लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको.

दरसाल लिलाव म्हणजे अकरा महिन्यांचा धनी. अकरा महिन्यांसाठी शेणखत कोण टाकतो? त्याचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो, तोवर रान दुसऱ्याच्या हातात. मग डीएपीची पोती, तणनाशक, ठिबक, मल्चिंग पेपर आणि पीक निघालं की पाठ. बांधावरची बाभूळ सावली धरते म्हणून तोडली. आंबा तोडला. मागल्या वैशाखात नांगरट झाल्यावर मी त्या रानात उभा राहिलो. प्रत्येक तासात काळ्या प्लास्टिकच्या चिंध्या, काही ढेकळांत इतक्या रुतलेल्या की ओढल्यावर माती भुगा होऊन हातातून गळते. गांडूळ एक दिसलं नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरीकडे गारपिटीने द्राक्षबागा झोपवल्या, त्या दिवसानंतर हवामानाचं मला कुणी शिकवायला नको. पण त्याच पावसात आपल्या देवाच्या रानाची वरची माती ओढ्यात गेली. ते गारांनी केलं नाही, उघड्या बांधाने केलं.

आणि गोशाळा? गाई देवाच्या, शेणही देवाचं. ते ट्रॉलीला साडेचार हजाराने बागाईतदारांना विकलं जातं आणि देवाच्या रानात युरिया पडतो. बायकांच्या अर्जात जीवामृत, नागली-कुळीथ, बांधाला शेवगा आणि करंज असं सगळं लिहिलेलं आहे. त्यांना दहा वर्षं हवीत ती याचसाठी. माती सुधारायची तर तेवढा काळ लागतो.

‘कायद्यात बसत नाही’ असं एका सभेत सांगण्यात आलं. बसतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा, कलम ३६. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची असेल तरच धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. दहा वर्षांपर्यंत तुमच्या ठरावावर भागतं. म्हणून आम्ही दहाच मागितली. कायद्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो, १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कुळं जमिनीची मालक झाली, पण देवस्थानांच्या जमिनी त्यातून वगळल्या. देवाचं उत्पन्न देवाकडे राहावं म्हणून ही सवलत. तिचा उपयोग तीन घरांसाठी व्हावा, असं कुठल्या पुढाऱ्याने तेव्हा विधिमंडळात सांगितलं असेल असं वाटत नाही.

‘मग सरकारकडून घ्या की जमीन,’ हेही ऐकलं. सरकारची योजना आहे ती दादासाहेब गायकवाडांच्या नावाची. आपल्याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब. १९३० ला काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह उभा करणारे, १९५९ ला भूमिहीनांना घेऊन तुरुंगात जाणारे. त्या योजनेत भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत मिळते, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. दर मात्र जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख, याच्यावर नाही. आता तुम्हीच सांगा, आपल्या शिवेत कोण आठ लाखांत बागायत विकतो? तुमच्यापैकी कुणी विकणार असेल तर गिऱ्हाईक मी घेऊन येतो.

एका विश्वस्तांचं वाक्य तसंच लिहितो: ‘त्यांना आता देव कुठे लागतो?’ बरोबर आहे. सत्याग्रहाची पाच वर्षं काळारामाचं दार त्यांना बंदच राहिलं, आणि १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचं जे सांगितलं ते आपल्या उंबरठ्याने मिळवलेलं आहे. त्या बायका गाभाऱ्यात येऊ द्या म्हणत नाहीत. खंड भरून बांध मागतात. बोली घेणारे सगळे तरी पहाटे काकड आरतीला असतात का? हजेरी वही काढू का?

परक्यांना आसरा दिल्याचा दाखलाही जवळच आहे. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनऱ्यांनी गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ठेवून घेतलं, शिकवलं, कामधंद्याला लावलं. त्यांतलीच काही पुढे आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या सोबत होती आणि १८७३ ला तो वारल्यावर त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या पोटातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतही होती. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, मान्य. पण समुद्रापलीकडून आलेल्या पोरांना नाशिकची माती पुरली, आणि आपल्या वेशीतल्या बायकांना पुरत नाही.

मी माळकरी आहे. पौषवारीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे उभा राहतो. सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग सापडला, हे तुमच्याच सप्ताहात कीर्तनकार दरसाल सांगतात आणि तुम्ही पुढच्या रांगेत माना डोलावता. त्या मळ्यात तणनाशक नव्हतं, आणि सावता महाराजांना कुणी सातबारा विचारला नव्हता.

पाडव्याला लिलाव आहे. त्या अकराही जणी सभामंडपात पहिल्या रांगेत बसतील, ५० हजार रोख घेऊन. चौथी अट वाचायची असेल तर माइकवरून, त्यांच्या तोंडावर वाचा. पखवाज, टाळ आणि आम्ही सत्तर माळकरी मागे असू.

आपला,
एक माळकरी, तालुका नाशिक

ता. क. देवाच्या रानातून वेचलेला मल्चिंग पेपर, दोन गोण्या, कार्यालयाच्या ओट्यावर ठेवला आहे. त्याची तरी पोच मिळावी.