डोळ्यांशी काटकसर नको

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका स्नेह्यांनी विचारले, "मुलगी पंधराची झाली, कॉन्टॅक्ट लेन्सेस मागते आहे. द्याव्यात की नाही?" मी तोंड उघडण्याआधीच आजूबाजूच्यांनी आपापली मते दिली. "चष्म्याला काय झालंय? आपण नाही का वापरला?" हे एक मत. "अहो, सगळ्याच मुली वापरतात, काही होत नाही," हे दुसरे. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. कारण मात्र हातात ताट धरून सांगण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची मुलगी सोळा वर्षांची असताना आम्ही जुलै महिन्यात पुण्याला गेलो होतो. जाताना विमानात ती लेन्सेस घालूनच झोपली. पुण्यात दोन आठवडे झाल्यावर तिची सोल्यूशनची बाटली तळाला गेली. "बाबा, नवीन आणायला हवी," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, आठवडाच तर राहिलाय. डबीत आहे त्यातच थोडं थोडं घालत जा, आणि धुवायला फिल्टरचं पाणी आहे की!" पोरीने ऐकले.

निघायच्या आदल्या दिवशी तिचा उजवा डोळा लाल झाला. पावसाळ्याचे दिवस, डोळे आले असतील असे समजून घरातल्या कपाटातले जुने थेंब घातले. न्यू जर्सीला पोहोचलो तोपर्यंत तिला खोलीतला दिवासुद्धा सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर, जखम झाली होती. त्यांनी जखमेचा नमुना घेतला आणि लेन्सेस व डबीसुद्धा तपासणीसाठी मागवली. स्यूडोमोनस नावाचे जंतू निघाले. दर तासाला अँटिबायोटिकचे थेंब, दिवसा आणि रात्रीही. त्या दोन रात्री मी आणि सौ. आळीपाळीने गजर लावून उठत होतो.

डोळा वाचला. कडेला एक पांढुरका व्रण राहिला आहे. तोच व्रण मधोमध असता तर नजर कायमची अधू झाली असती, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. मुलीने मला कधी बोल लावला नाही. पण सल्ला माझा होता, हे मी विसरू शकत नाही.

आपली पिढी वस्तू पुरवून वापरत वाढली. टूथपेस्टची नळी लाटण्याने दाबायची, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून आणखी दोन वेळा केस धुवायचे. या सवयीची मला लाज नाही. तिच्यावरच आपण या देशात घरे उभी केली. पण लेन्सच्या बाबतीत नेमकी हीच सवय घातक आहे, आणि हे सांगायला मुलांपेक्षा आई-वडिलांनाच गाठले पाहिजे असे माझे मत आहे.

यामागचे शास्त्र साधे आहे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंमधून, थेट हवेतून मिळतो. लेन्सने तो कमी होतो, आणि वर पापणी मिटली की आणखी कमी. म्हणूनच लेन्स घालून झोपल्यास डोळ्याला संसर्ग होण्याचा धोका सहा ते आठ पट वाढतो, असे अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. पाण्याचेही तसेच. पिण्यास योग्य पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. नळाच्या, विहिरीच्या, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून डोळ्यात गेला तर उपचार महिनोन् महिने चालतात. हा प्रश्न पुण्याच्या पाण्याचा नाही. एडिसनचा नळही याला अपवाद नाही. आणि डबीतल्या सोल्यूशनचे म्हणाल, तर रात्रभरात त्याची जंतू मारण्याची ताकद खर्ची पडलेली असते. त्यात वरून चार थेंब घालणे म्हणजे तो शाम्पूच्या बाटलीचाच प्रकार.

त्यानंतर आमच्या घरी काही नियम ठरले, ते असे:

१. लेन्सला हात लावण्याआधी साबणाने हात धुवून कोरडे करायचे. मिरच्या चिरलेले किंवा डोक्याला तेल चोळलेले हात असतील तर दोनदा धुवायचे.

२. लेन्स काढल्यावर तळहातावर ताज्या सोल्यूशनने बोटाने चोळायची, मग पुन्हा सोल्यूशनने धुवायची. पाणी नाही, थुंकी तर नाहीच. नुसत्या सलाइनने जंतू मरत नाहीत.

३. डबीतले सोल्यूशन रोज ओतून द्यायचे. डबी सोल्यूशननेच धुवून, उघडी, उपडी वाळवायची आणि दर तीन महिन्यांनी बदलायची.

४. झोपताना, अंघोळीला, पोहायला लेन्स नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला आणि होळीच्या रंगालाही नाही.

५. एका दिवसाची लेन्स एकच दिवस, महिन्याची महिनाभरच.

६. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स ताबडतोब काढायची, फेकायची नाही, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा. घरातले जुने थेंब घालायचे नाहीत. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग आणखी बळावू शकतो.

आता पैशांविषयी. बारा डॉलरची बाटली मी वाचवली आणि पुढे डॉक्टर, प्रयोगशाळा, औषधे यांपायी विम्याचा सगळा डिडक्टिबल खिशातून भरला. ध्यानात ठेवा, असा संसर्ग झाला की खर्च सहसा नेहमीच्या आरोग्यविम्याकडे जातो, व्हिजन प्लॅनकडे नव्हे. आणि बऱ्याच व्हिजन प्लॅनमध्ये वर्षाला चष्मा किंवा लेन्सेस यांपैकी एकालाच पैसे मिळतात. परंतु नोकरीच्या ठिकाणी फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट असेल तर डोळ्यांची तपासणी, लेन्सेस, सोल्यूशन आणि चष्मा हे सारे त्यातून करमुक्त पैशांत बसते. खरी काटकसर इथे करावी. तसेच, २००४ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार लेन्सेसचे माप ठरले की प्रिस्क्रिप्शनची प्रत न मागताही तुमच्या हातात मिळायला हवी. ती घेऊन चार दुकानांत भाव विचारा, पण वर्षाची तपासणी टाळू नका.

दोन गोष्टी खास आपल्यासाठी. भारतात जाताना सोल्यूशनच्या पुरेशा सीलबंद बाटल्या चेक-इन सामानात टाका. ते छोट्या बाटलीत ओतून नेऊ नका, निर्जंतुकपणा तिथेच संपतो. विमानात बसताना मुलांच्या नाकावर चष्मा असू द्या. दुसरे म्हणजे नाटक आणि नृत्याच्या वेळी मुली हौसेने रंगीत लेन्सेस घालतात, एकमेकींच्याही घालतात. अमेरिकेत २००५ पासून नंबर नसलेली शोभेची लेन्ससुद्धा कायद्याने वैद्यकीय साधन आहे आणि तिला प्रिस्क्रिप्शन लागते. आपल्या रंगपटात यापुढे उसन्या लेन्सेस दिसू नयेत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

तर त्या स्नेह्यांना माझे उत्तर असे. मुलीला लेन्सेस जरूर द्या. बंदी घातलीत तर ती मैत्रिणीच्या घरी घालेल आणि डोळा लाल झाला तरी तुम्हाला सांगणार नाही. पण आधी तिला आताच्या नंबरचा एक चांगला चष्मा करून द्या, म्हणजे लेन्स काढायची वेळ आली तर अडणार नाही. परवडत असेल तर रोज फेकायच्या लेन्सेस घ्या, म्हणजे डबीचा आणि सोल्यूशनचा प्रश्नच मिटतो. आणि तिने "बाबा, नवीन बाटली आणायला हवी" असे म्हटले की त्याच संध्याकाळी गाडी काढा.

आमची लेक आता कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आली की बाथरूमच्या फळीवर तिची डबी उपडी वाळत ठेवलेली दिसते. ती पाहिली की मला बरे वाटते.