ऐंशीनंतरची चाल

आमच्या केडगावात नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत ऐंशी ओलांडलेल्या आज्या आता पुष्कळ दिसतात. 2011च्या जनगणनेतच देशात ऐंशीच्या पुढची माणसे एक कोटीहून अधिक होती. आयुष्य वाढले ही चांगलीच गोष्ट. पण या वयाचा खरा वैरी रक्तदाब की मधुमेह, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, न्हाणीघरातली ओली फरशी. एकदा खुब्याचे हाड मोडले की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते, आणि त्यातून किती जण पूर्ववत उठतात हे घरोघरी ठाऊक आहे.

बँकेत होतो तेव्हा नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनरांची रांग लागे, आणि कोण कसे चालत येते हे न्याहाळण्याचा मला नाद लागला. (कादंबरी लिहिणाऱ्याची खोड, दुसरे काय!) काही आजोबा गोगलगाईच्या गतीने येत, पण चाल कशी एकसंध, वळताना, बसतानाही लय मोडत नसे. काही मात्र चार पावले झपाट्याने टाकत, थबकत, वळताना झोकांडी जाई आणि खुर्चीत धपकन बसत. मला धास्ती वाटे ती या दुसऱ्यांची.

एसटीत उभ्याने प्रवास केलेल्याला याचे कारण समजावून सांगायला नको. पुणे रस्त्यावर गाडी साठच्या वेगाने धावत असते तेव्हा आपण पडत नाही. ड्रायव्हर हिसका देतो तेव्हा पडतो. चालीतला हा हिसका संशोधक आता कमरेला छोटा सेन्सर बांधून मोजतात. उतारवयात तळपायाची जाणीव बोथट होते, नजर अधू होते, कानातले तोल सांभाळणारे यंत्र मंदावते, मांड्यांतले बळ जाते. मग मेंदूकडून दुरुस्तीचे हुकूम उशिरा, तुकड्या-तुकड्याने सुटतात आणि हालचालही तुकड्यांत होते. आणखी एक गंमत पाहा. स्वीडनमधल्या वृद्धांचा एक अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. चालताना कोणी बोलायला लागले की जे थांबत, त्यांतले बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्यांचे सारे लक्ष पाऊल टाकण्यातच खर्च होते, त्यांच्यापाशी बोलण्यापुरते शिल्लकच उरत नाही.

यावर आपल्या घरांतला इलाज काय? “आजी, तुम्ही बसून राहा, सगळे हातात आणून देतो.” त्यामागची माया खरी, पण तिच्याशी माझे भांडण आहे. बसवून ठेवलेल्या माणसाच्या मांड्या आणखी वाळतात, आणि रात्री दोन वाजता लघवीला उठायचे ते अखेर त्यांनाच. तोल आणि ताकद यांच्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, एवढेही पुष्कळ. उठल्यावर क्षणभर पलंगाच्या कडेला बसावे, कारण एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो. झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि नवीन बंगल्यात चेहरा दिसेल अशी गुळगुळीत फरशी बसवणाऱ्यांनी त्याच खर्चात न्हाणीघराच्या भिंतीला एक दांडी ठोकून घ्यावी. पाहुण्यांसाठी घर सजवायचे आणि आईला त्यावर घसरू द्यायचे, हा कुठला हिशेब?

सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच बँकांना सांगितले. हयातीचा दाखलाही आता घरबसल्या देता येतो. सोय उत्तमच, पण त्यामुळे वर्षातून एकदा घराबाहेर पडण्याचे निमित्तही गेले, ही माझी जुनी कुरकुर.

आज रविवार आहे. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ ओढा. आजोबांनी उठायचे, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचे, वळून परत येऊन बसायचे. नातीने घड्याळ धरावे. 12 सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर डॉक्टरांना दाखवा. शेजारी एक दांडगा माणूस उभा असू द्या, आणि आजोबा चालत असताना त्यांच्याशी कोणी बोलू नका.